राहून गेलेले जुने गेम: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: दादा, मारिओ, सोनिक, झेल्डा, फायनल फँटसी सगळं इम्युलेटरवर खेळून झालंय. आता कुठलीही यादी उघडली की तीच ती नावं दिसतात. ज्यांच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही पण खरंच भारी आहेत असे दोन-तीन गेम सांगा ना. लॅपटॉप जुना आहे माझा.

लॅपटॉपची काळजी सोडा, इम्युलेटर म्हणजे जुन्या गेम मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, त्यावर ८ बिट आणि १६ बिटवाल्या, म्हणजे ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या कन्सोलचे (गेम खेळायच्या मशीनचे) गेम दहा-बारा वर्षं जुन्या मशीनवर पण आरामात चालतात. नावं सांगतोच, पण आधी शोधायचं कुठे ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुमचे तुम्हीच शोधाल. चांगला गेम मागे पडतो तो बहुतेक वेळा चुकीच्या वेळी आला म्हणून. नवीन कन्सोल आलेला असतो, सगळ्यांचं लक्ष तिकडे, आणि इकडे जुन्या कन्सोलवर काम करणाऱ्या टीमचा हात इतका बसलेला असतो की त्या मशीनमधून काय काय काढता येतं ते त्यांना पाठ झालेलं असतं. म्हणून कुठल्याही कन्सोलची शेवटची दोन-तीन वर्षं चाळा. आणि दुसरं म्हणजे जे गेम एखाद-दुसऱ्या देशातच निघाले ते बघा, कारण बाकीच्या जगाला ते कधी मिळालेच नाहीत, मग कोण बोलणार त्यांच्याबद्दल.

सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवरचा रिस्टार घ्या. गेमपण सेगाचाच आहे, १९९५ चा, तोपर्यंत जपानमध्ये सेगाचा पुढचा कन्सोल सॅटर्न आलेला होता. हिरो म्हणजे एक छोटासा तारा, त्याचे हात लांब होतात, कशालाही पकडायचं, स्वतःला तिकडे खेचायचं आणि डोकं आपटायचं, बस एवढंच. पण एवढ्याशा गोष्टीतून त्यांनी किती काढलंय! चौथा ग्रह संगीताचा आहे, तिथे पक्षी वाट अडवून बसलेत, तुम्ही एक मेट्रोनोम (ताल धरायचं यंत्र) उचलून सांभाळत सांभाळत पक्ष्यापर्यंत न्यायचा, तो दिला की पक्षी गायला लागतो आणि वाट मोकळी होते. मी तो भाग परत परत खेळतो, अजून कंटाळा आलेला नाही.

दुसरा गिमिक. सनसॉफ्टने १९९२ मध्ये निन्टेंडोच्या फॅमिकॉमवर काढला, तेव्हा त्याच्या पुढचा कन्सोल सुपर फॅमिकॉम येऊन वर्ष उलटून गेलेलं, आणि मूळ कार्ट्रिज (गेमची कॅसेट) जपान आणि स्कँडिनेव्हिया सोडून कुठे गेलंच नाही. बटण दाबून धरलं की डोक्यावर एक तारा गोळा होतो, सोडला की तो चेंडूसारखा उसळत जातो, उतारावर वेग घेतो, भिंतीवर आपटून परत येतो. तो तारा फक्त मारायला नाहीये, नीट वेळ साधली तर त्याच्यावर उडी मारून बसता पण येतं आणि एरवी हाताला न लागणाऱ्या जागी जाता येतं. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. लेव्हल मोजक्याच आहेत, पण कठीण आहेत, आणि प्रत्येक लेव्हलमध्ये एक लपवलेली वस्तू आहे, त्या सगळ्या मिळाल्याशिवाय खरा शेवट दिसत नाही. यात एक गोष्ट लक्षात ठेवा, जपानी व्हर्जनच खेळा, त्या कार्ट्रिजमध्ये आवाजासाठी एक जास्तीची चिप होती, तीन जास्तीचे चॅनेल मिळतात आणि संगीत कुठल्या कुठे जातं. स्कँडिनेव्हियन व्हर्जनमध्ये ते नाहीये.

तिसरा टेरानिग्मा, सुपर निन्टेंडोवरचा, म्हणजे सुपर फॅमिकॉमच, जपानबाहेर त्याला हे नाव. क्विंटेट नावाच्या टीमने केलेला, जपानमध्ये १९९५, युरोपमध्ये १९९६, आणि अमेरिकेत कधीच नाही. एक मुलगा बंद दार उघडतो, आतली पेटी उघडतो आणि सगळं गाव गोठून जातं. मग तो जग परत जिवंत करायला निघतो, आधी खंड, मग झाडं, मग पक्षी, मग प्राणी आणि सगळ्यात शेवटी माणसं. सुरुवातीला तुम्ही झाडांशी बोलता, प्राण्यांशी बोलता, ते तुम्हाला मदत करतात, आणि माणसं परत आली की तुम्हाला प्राण्यांचं बोलणं कळायचं बंद होतं. कोणी काही समजावून सांगत नाही, एक दिवस तुम्ही जाऊन बोलायला बघता आणि समोरून नुसता प्राण्याचा आवाज येतो. तिथे पोटात कालवतं माझ्या, आजही. इंग्रजी कॉपी फक्त युरोपची म्हणजे ५० हर्ट्झची, सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारी आहे, त्यामुळे ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर स्क्रोल होताना थोडं अडखळल्यासारखं वाटेल, इम्युलेटर बिघडलाय असं समजू नका.

प्रश्न: तुम्ही सांगता ते गेम मी डाऊनलोड करतो, वीस मिनिटं खेळतो आणि सोडून देतो. कुठे जायचं, काय करायचं काहीच कळत नाही. माझ्यातच पेशन्स नाही का?

पेशन्सचा प्रश्न नाहीये. त्या काळी गेमसोबत छापील पुस्तिका यायची आणि बटणं, वस्तूंचे उपयोग, गोष्टीची सुरुवात, सगळं त्यात असायचं, गेममध्ये परत सांगत बसायचे नाहीत. तुमच्याकडे गेमची फाईल आली पण पुस्तिका आलीच नाही. बऱ्याच गेमच्या पुस्तिका स्कॅन केलेल्या मिळतात, आधी दहा मिनिटं ती वाचा आणि मग सुरू करा. आणि फोल्डरमध्ये एका वेळी एकच गेम ठेवा. पाचशे समोर असले की पहिल्या अडचणीला दुसरा उघडला जातो, हे माझ्या बाबतीत पण झालंय आणि त्यात माझं अख्खं वर्ष काहीही पूर्ण न करता गेलं.

प्रश्न: फक्त मोबाईल आहे, कंट्रोलर नाही. स्क्रीनवरच्या बटणांनी नीट उड्याच मारता येत नाहीत. काय खेळू?

काचेवर बोट कुठे आहे ते न बघता कळत नाही, त्यामुळे उड्यांचे गेम टचवर त्रास देणारच. गेम बॉयवर (निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं मशीन) १९९२ चा एक गेम आहे, काएरू नो तामे नी काने वा नारू, निन्टेंडोचा, जपानबाहेर गेलाच नाही पण चाहत्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर आहे. यातल्या लढाया आपोआप होतात, धुरळा उडतो आणि कोण जिंकलं ते कळतं, तुम्ही फक्त ताकद वाढवायची आणि कधी भिडायचं ते ठरवायचं. राजपुत्राचा बेडूक होतो, पुढे साप होतो आणि प्रत्येक रूपात वेगळ्या जागी जाता येतं. मधे मधे थोड्या उड्या आहेत पण जमतील अशा. झेल्डाचा लिंक्स अवेकनिंग खेळला असाल तर त्यातला प्रिन्स रिचर्ड इथे भेटेल, तो मूळचा इथलाच.

पुढेमागे कंट्रोलर घेतलात तर मात्र गेम बॉय अॅडव्हान्सवरचा ड्रिल डोझर पहिला लावा. पोकेमॉनवाल्या गेम फ्रीकनेच केलेला आहे, जपानमध्ये २००५ ला आणि अमेरिकेत २००६ ला आला, तेव्हा सगळे निन्टेंडोच्या नव्या डीएस मशीनच्या मागे होते. आर दाबला की ड्रिल एका बाजूला फिरतो, एल दाबला की उलट, आणि अख्खा गेम या दोन बटणांवर उभा आहे, आत शिरायला एक, बाहेर यायला दुसरं. लेव्हलमध्ये गिअर मिळत जातात तसा ड्रिल जास्त वेळ फिरतो. मूळ कार्ट्रिजमध्ये व्हायब्रेशनची मोटर होती, एमजीबीए इम्युलेटर ते व्हायब्रेशन तुमच्या कंट्रोलरला पाठवतो, तेव्हा ते चालू करूनच खेळा, दगड फुटताना हातात जे जाणवतं त्यानेच अर्धी मजा येते.

प्रश्न: मदर ३ चा इंग्रजी पॅच लावला, तर काळी स्क्रीन येते. आणि मित्राच्या मोबाईलवर चालतो तिथे लढाईतले ताल काही केल्या जुळत नाहीत. दोन्ही काय भानगड आहे?

मदर ३ साठी आधी शाब्बासकी. गेम २००६ ला जपानमध्ये आला, चाहत्यांनी २००८ मध्ये अख्खा भाषांतर केला, आणि निन्टेंडो कंपनीने आजपर्यंत इंग्रजीत काढलेला नाही.

काळी स्क्रीन बहुतेक वेळा चुकीच्या मूळ फाईलमुळे येते. पॅचमध्ये गेम नसतो, अमुक जागची अमुक बाइट बदल अशा सूचना असतात. आयपीएस प्रकारचा पॅच मूळ फाईल बरोबर आहे का ते तपासतच नाही, गपचूप लागतो आणि गेम बिघडतो. बीपीएस तपासतो आणि चूक असेल तर तोंडावर सांगतो. म्हणून पॅचसोबतच्या रीडमी फाईलमध्ये मूळ फाईलचा चेकसम (फाईलमधल्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) दिलेला असेल तर तुमच्या फाईलशी ताडून बघा, आणि आधीच पॅच लागलेल्या फाईलवर परत पॅच लावू नका. सुपर निन्टेंडोच्या फाईलींना तर आणखी एक दुखणं आहे, काहींच्या सुरुवातीला ५१२ बाइटचा हेडर, म्हणजे जास्तीचा तुकडा, चिकटलेला असतो, त्याने सगळं तेवढं पुढे सरकतं आणि पॅच भलत्याच जागी लागतो.

तालाचं म्हणाल तर, मित्र ब्लूटूथ हेडफोन वापरतोय का? मदर ३ मध्ये गाण्याच्या ठेक्यावर बटण दाबत गेलं की एकामागून एक सोळा फटके मारता येतात, पण ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो, म्हणजे तुम्ही ऐकून दाबेपर्यंत ठेका निघून गेलेला असतो. साधा वायरवाला हेडफोन लावा. भाषांतर झालेलं आणखी काही हवं असेल तर प्लेस्टेशनवरचा रेसिंग लगून आहे, स्क्वेअरचा १९९९ चा, रात्री योकोहामाच्या रस्त्यांवर रेस लावायच्या आणि जिंकलं की समोरच्याच्या गाडीचा पार्ट काढून घ्यायचा, गाड्यांचा आरपीजीच (गोष्टीसोबत हळूहळू ताकद वाढवत जायचा गेम) आहे तो, इंग्रजी पॅच २०२१ मध्ये आला.

प्रश्न: तीस तासांचा गेम, इम्युलेटर अपडेट केला आणि सेव्हच उघडत नाही. परत मिळेल का?

तुम्ही सेव्ह स्टेट वापरत होतात ना? स्टेट म्हणजे त्या क्षणी इम्युलेटरच्या पोटात काय होतं त्याचा फोटो, नवीन व्हर्जनची आतली मांडणी बदलली की तो फोटो त्याला वाचता येत नाही. जुनं व्हर्जन परत टाका, त्यात स्टेट उघडा, गेममधल्या सेव्हच्या जागेपर्यंत जा, तिथे सेव्ह करा आणि मग अपडेट करा. गेमचा स्वतःचा सेव्ह एका वेगळ्या छोट्या फाईलमध्ये जातो आणि तो दुसऱ्या इम्युलेटरमध्ये पण चालतो. माझे असेच टेरानिग्माचे बावीस तास गेले होते आणि मला जुनं व्हर्जन मिळालंच नाही. तेव्हापासून मी खेळ थांबवताना गेमच्या आतच सेव्ह करतो, स्टेट फक्त कठीण जागेच्या सरावापुरता.

प्रश्न: हे सगळं कायदेशीर आहे का?

इम्युलेटर हा प्रोग्रॅम बनवणं किंवा वापरणं बहुतेक ठिकाणी गुन्हा नाही, सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात २००० साली अमेरिकेतल्या अपील कोर्टाने इम्युलेटरवाल्यांच्या बाजूने निकाल दिला होता. गेम आणि बायोस (कन्सोल सुरू करणारा त्याच्या आतला प्रोग्रॅम) यांच्यावर मात्र कॉपीराइट आहे, स्वतःच्या डिस्कवरून, स्वतःच्या कार्ट्रिजवरून कॉपी काढणं हाच त्यातल्या त्यात सरळ मार्ग, आणि त्यावरही देशोदेशी कायदा वेगळा आहे. माझं मत विचाराल तर गेम विकत मिळत असेल तर विकत घ्या. रिस्टार सेगाच्या बऱ्याच कलेक्शनमध्ये आहे, गिमिक २०२३ मध्ये नव्याने निघालाय. पण व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजून सांगितलंय की अमेरिकेत २०१० च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळतच नाहीत. इतकं सगळं काम कोणी जपून ठेवलं नाही तर नाहीसं होणार, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न: मुलगी आठ वर्षांची आहे, तिच्यासोबत खेळायला जुन्यातलं काही सुचवा. मारामारी कमी असलेलं.

क्लोनोआ, डोअर टू फँटोमाइल. नामकोचा, प्लेस्टेशनवर १९९७ चा. मोठ्या कानांचा एक प्राणी, समोरच्याला पकडून फुग्यासारखं डोक्यावर धरायचं आणि मग ते फेकायचं, किंवा हवेत असताना खाली ढकलून त्यावरून आणखी एक उडी घ्यायची. एक बटण उडीचं, एक पकडायचं, मुलं पाच मिनिटांत शिकतात. वाट वळत वळत जाते, मागे पाहिलं तर थोड्या वेळापूर्वी आपण जिथे होतो ती जागा दिसते, ते तिला दाखवा.

इम्युलेटरवर खेळणार असाल तर डिस्कच्या दोन फाईली असतात, मोठी बिन आणि छोटी क्यू, क्यूमध्ये बिनचं नाव लिहिलेलं असतं, म्हणून एकीचं नाव बदललं की गेम सुरूच होत नाही. ती कटकट नको असेल तर २०२२ मध्ये क्लोनोआचे पहिले दोन्ही भाग नव्या रूपात निघालेत, त्यात सोपा मोडपण आहे, लहान मुलांसाठी तोच बरा. फक्त गोष्टीचा शेवट रडू आणणारा आहे. शेवटचा भाग तिला एकटीला खेळू देऊ नका, तेवढ्या वेळ शेजारी बसा.