सिंथेटिक ऑइल, कमी रनिंग आणि ऑइल बदलण्याचे अंतर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: गाडी टर्बो पेट्रोल, वर्षाचे रनिंग सहा-सात हजार किलोमीटर आणि त्यातले बहुतेक तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांचे. सर्व्हिस बुकात १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असे लिहिले आहे, सिंथेटिक ऑइलच्या डब्यावर २०,००० किलोमीटरचा दावा आहे आणि मेकॅनिक दर ५,००० किलोमीटरला ऑइल बदलायला सांगतो. या तिघांपैकी कोणाचे ऐकायचे, असे आपण विचारले आहे.

आपल्या वापरासाठी माझे उत्तर असे की सुमारे ५,००० किलोमीटर किंवा जास्तीत जास्त एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत. म्हणजे मेकॅनिकचा आकडा आपल्या गाडीला लागू पडतो. मात्र तो ज्या कारणाने हा आकडा सांगतो, ते कारण बहुधा वेगळे असते. ५,००० किलोमीटर हा हिशोब मिनरल ऑइलच्या आणि कार्ब्युरेटरच्या काळातला आहे, आणि तो अनेक गॅरेजांत सवयीने चालत आला आहे. हीच गाडी आपण रोज शंभर किलोमीटर मोकळ्या महामार्गावर चालवत असता, तर त्याच ऑइलला ५,००० किलोमीटरला काढून टाकणे म्हणजे चांगले ऑइल वाया घालवणे झाले असते. म्हणून आकड्यापेक्षा त्यामागचे कारण समजून घेणे मला महत्त्वाचे वाटते.

ऑइल 'जुने' होते म्हणजे त्याचे नेमके काय होते, हे आधी पाहू. डब्यातले सगळे तेल बेस ऑइल नसते. साधारण १० ते २५ टक्के भाग ॲडिटिव्हचा असतो: काजळी आणि चिकटा तरंगत ठेवणारे डिटर्जंट व डिस्पर्संट, झीज रोखणारी जस्त-फॉस्फरसची संयुगे, ऑक्सिडेशन थोपवणारी रसायने आणि तापमान वाढल्यावर ऑइल फार पातळ होऊ नये म्हणून घातलेले लांब साखळीचे पॉलिमर. सिंथेटिक बेस ऑइल उष्णतेला मिनरलपेक्षा चांगले तोंड देते, कडाक्याच्या थंडीतही वाहते आणि कमी उडून जाते. ॲडिटिव्ह मात्र सिंथेटिकमध्येही खर्च होतातच. ज्वलनातून तयार होणारी आम्ले ऑइलमधला अल्कलीचा साठा, म्हणजे टीबीएन, हळूहळू संपवत जातात. पॉलिमरच्या साखळ्या गिअर, चेन आणि बेअरिंगच्या फटींत तुटतात, त्यामुळे ३० ग्रेडचे (ग्रेड म्हणजे ऑइलच्या घट्टपणाचा क्रमांक) ऑइल हळूहळू २० ग्रेडच्या पातळीकडे सरकते. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकाप्रमाणे ३० ग्रेडची १०० अंश सेल्सिअसला स्निग्धता, म्हणजे घट्टपणा, ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (स्निग्धतेचे एकक) यांच्या दरम्यान असावी लागते. ती ९.३ च्या खाली गेली की डब्यावर ५डब्ल्यू-३० छापलेले असले तरी इंजिनात ५डब्ल्यू-३० उरलेले नसते.

'सिंथेटिक' या लेबलावरही फार विसंबू नये. बेस ऑइलचे पाच गट मानले जातात. अनेक देशांत हायड्रोक्रॅकिंगने, म्हणजे हायड्रोजनच्या प्रक्रियेने, अतिशय शुद्ध केलेल्या, खनिज तेलापासूनच बनलेल्या तिसऱ्या गटातल्या बेस ऑइललाही सिंथेटिक म्हणतात. अमेरिकेत १९९९ साली मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यातल्या जाहिरातीच्या वादात हेच मान्य झाले. चौथ्या गटातले पॉलिअल्फाओलेफिन आणि पाचव्या गटातले एस्टर हे वेगळे पदार्थ आहेत. तिसऱ्या गटातले ऑइल वाईट असते असे मुळीच नाही. उत्तम ॲडिटिव्ह असलेले असे ऑइल वर्षभर निर्धास्त चालते. परंतु 'सिंथेटिक आहे, म्हणजे २०,००० चालेलच' हा निष्कर्ष त्या एका शब्दावरून काढता येत नाही. बघायचे असते ते स्पेसिफिकेशन: एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचा वर्ग, युरोपीय गाड्यांसाठी एसीईए या तिथल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेचा वर्ग आणि गाडीच्या उत्पादकाची स्वतःची मान्यता.

आता मुख्य मुद्दा. किलोमीटर हे ऑइलच्या वापराचे माप म्हणून बरेच ढोबळ आहे. १०,००० किलोमीटर अंतर सरासरी ६० च्या वेगाने कापले तर इंजिन सुमारे १६७ तास चालते. तेच अंतर गर्दीत सरासरी २० च्या वेगाने कापले तर ५०० तास. ओडोमीटर दोन्ही गाड्यांत सारखाच दिसतो, पण दुसऱ्या इंजिनाच्या ऑइलने तिप्पट वेळ काम केलेले असते. त्यात सिग्नलला उभ्या गाडीत चालू ठेवलेला एसी आणि बंद न केलेले इंजिन यांचा एकही किलोमीटर मोजला जात नाही.

आपल्या गाडीच्या बाबतीत याहूनही मोठी अडचण छोट्या फेऱ्यांची आहे. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरमधून बाहेर जाते, पण थोडी वाफ पिस्टन रिंगांजवळून खाली उतरते आणि इंजिन थंड असेल तर इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमधल्या ऑइलमध्येच पाणी होऊन बसते. थंड इंजिनाला संगणक जास्त पेट्रोल देतो, आणि त्यातले न जळलेले काही पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये मिसळते. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत हे प्रमाण अधिक असते, कारण तेथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्येच फवारले जाते. इंजिन नीट तापले की पाणी आणि बरेचसे पेट्रोल वाफ होऊन निघून जाते. तीन-चार किलोमीटरच्या फेरीत मात्र हे घडतच नाही. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा मध्यावर येतो तो पाण्याचा, म्हणजे कूलंटचा, असतो. ऑइल तापायला त्याहून बराच अधिक वेळ लागतो. काटा मध्यावर आला की इंजिन तापले, अशी समजूत सर्वत्र आहे, आणि छोट्या फेऱ्यांनी होणारे नुकसान कोणाच्या लक्षात न येण्याचे तेच मुख्य कारण आहे असे मला वाटते.

ऑइल भरायच्या टोपीच्या आतल्या बाजूला साबणाच्या फेसासारखा पिवळट चिकटा दिसला, तर ते या साचलेल्या पाण्याचे चिन्ह असू शकते. असा चिकटा दिसताच लोक हेड गॅस्केट (कूलंट ऑइलमध्ये जाऊ न देणारे इंजिनातले पॅकिंग) गेले म्हणून घाबरतात. कूलंट कमी होत नसेल आणि गाडी छोट्या फेऱ्यांचीच असेल, तर आधी अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवून पाहावी आणि टोपी पुसून पुन्हा तपासावी. कूलंट कमी होत असेल तर मात्र थांबू नये, गाडी लगेच दाखवावी.

सर्व्हिस बुकात हे सगळे गृहीत धरलेले असते, फक्त ते आपण वाचत नाही. १५,००० किलोमीटरच्या तक्त्यानंतर बहुधा लहान अक्षरांत 'कठीण परिस्थितीतील वापर' असा दुसरा तक्ता असतो. वारंवार आठ किलोमीटरपेक्षा कमी अंतराच्या फेऱ्या, कडाक्याच्या थंडीत त्याहून लांबच्या फेऱ्यासुद्धा, बराच वेळ आयडलिंग, धुळीचे रस्ते, ट्रेलर ओढणे, सततची चढण, तीव्र उन्हाळ्यातली कोंडी या गोष्टी त्यात मोडतात, आणि त्यासाठीचे अंतर बऱ्याच उत्पादकांकडे सामान्य अंतराच्या निम्म्याच्या आसपास असते. 'कठीण' या शब्दावरून डोंगरातली मोहीम डोळ्यांसमोर येते, परंतु प्रत्यक्षात शहरात राहणारे आपण बहुतेक जण याच तक्त्यात बसतो. आपल्या पुस्तकातले ते पान शोधून त्यातला आकडा आणि महिने जरूर पाहावेत. तेथे सहा महिने छापले असतील, तर वॉरंटीच्या काळात तेच पाळावे, मग रनिंग ३,००० झालेले का असेना. वॉरंटीचा दावा करताना पुस्तकातली मुदत पाळल्याचा पुरावा लागतो. डब्यावरचा दावा तेथे फारसा उपयोगी पडत नाही.

टर्बोविषयी वेगळे सांगायला हवे. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूंवर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा. त्याचा शाफ्ट मिनिटाला एक लाखाहून अधिक, लहान टर्बोत दोन लाखांच्याही वर फेरे घेतो, आणि त्याला आधार असतो तो ऑइलच्या पातळ थराचा. त्याची एक बाजू एक्झॉस्टच्या वायूंनी लालबुंद तापलेली असते. ऑक्सिडेशनचा वेग तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला ढोबळ नियम आहे; त्यामुळे टर्बोतून जाणारे ऑइल साध्या इंजिनातल्या ऑइलपेक्षा लवकर थकते, आणि थकलेले ऑइल बेअरिंगच्या बारीक नळ्यांत कोळशासारखा थर धरते. लहान टर्बो इंजिनांत कमी वेगाला जास्त जोर लावल्यावर होणारे अवेळी ज्वलन हा आणखी एक प्रश्न आहे. तो आटोक्यात ठेवण्यासाठी आणि टायमिंग चेनची झीज कमी करण्यासाठी २०२० पासून लागू झालेल्या एपीआय एसपी वर्गात खास चाचण्या आहेत. आपल्या गाडीसाठी हा किंवा याच्या पुढचा वर्ग किंवा त्याच्याशी समतुल्य उत्पादक-मान्यता असलेलेच ऑइल घ्यावे. स्वस्तातले जुन्या वर्गाचे ऑइल दुप्पट वेळा बदलले तरी ही उणीव भरून निघत नाही.

मग २०,००० किंवा ३०,००० किलोमीटरचे दावे खोटे असतात का? नाही. फोक्सवॅगनच्या ५०४.०० आणि ५०७.०० या मान्यतांचे ऑइल लाँगलाइफ पद्धतीत ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत चालवण्याची सोय आहे. परंतु त्या पद्धतीत ऑइल, गाडीची यंत्रणा आणि वापर हे तिन्ही एकत्र गृहीत धरलेले असतात. रोज लांब पल्ला कापणाऱ्या गाडीला तो आकडा गाठता येतो, छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीला तीच यंत्रणा खूप आधी सूचना देते. डब्यावर छापलेल्या आकड्याला आपले इंजिन आणि आपला रस्ता माहीत नसतो.

काही गाड्यांत ऑइल लाइफ टक्केवारीत दिसते. जनरल मोटर्सने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणलेल्या पद्धतीपासून आजच्या बहुतेक यंत्रणांपर्यंत ही टक्केवारी इंजिनाचे फेरे, तापमान, थंड स्टार्ट अशा नोंदींवरून हिशोबाने काढली जाते. मोजक्याच गाड्यांत ऑइलची अवस्था सेन्सरने मोजतात. हिशोबाची पद्धतसुद्धा नुसत्या किलोमीटरपेक्षा पुष्कळ शहाणी आहे आणि मी तिच्यावर विश्वास ठेवतो. दोन अटी आहेत: प्रत्येक वेळी ऑइल बदलल्यावरच ती रीसेट केलेली असावी, आणि उत्पादकाने सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल भरलेले असावे. ऑइलची पातळी खाली गेली आहे की नाही हे ती सांगत नाही, म्हणून महिन्यातून एकदा गाडी सपाट जागी उभी करून डिपस्टिक पाहायलाच हवी.

डिपस्टिकवरचा रंग पाहून निर्णय घेऊ नये. काळे ऑइल म्हणजे डिटर्जंट आपले काम करतो आहे एवढेच. डिझेलमध्ये तर काही शे किलोमीटरांत ऑइल काळे होते. त्याऐवजी पातळी पाहावी आणि वास घ्यावा. पातळी दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये वर चढलेली दिसली आणि पेट्रोलचा उग्र वास आला, तर मुदत कितीही शिल्लक असो, ऑइल बदलून टाकावे. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या डिझेल गाड्यांत तो फिल्टर जाळून साफ करण्यासाठी जादा डिझेल फवारले जाते आणि अर्धवट राहिलेल्या सफाईत ते ऑइलमध्ये उतरते, म्हणून तेथे पातळी वर जाण्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते.

मधल्या काळात ऑइल टॉप-अप केले म्हणून मुदत वाढत नाही. तातडीच्या वेळी दुसऱ्या ब्रँडचे, तेही नसेल तर मिनरल ऑइल अर्धा लिटर घातले तरी इंजिनाला धोका नसतो. पातळी किमान खुणेच्या खाली ठेवून गाडी चालवणे त्याहून कितीतरी घातक आहे. फिल्टर दर वेळी बदलावा. तो तुंबला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच बेअरिंगकडे जाते, आणि जुन्या फिल्टरमध्ये उरलेले घाण ऑइल नव्यात मिसळते ते वेगळेच. इंजिन फ्लश आणि डब्यातून मिळणारी जादा ॲडिटिव्ह यांची आपल्या गाडीला गरज नाही.

आपल्यासाठी आणखी एक सुचवतो. आठवड्यातून एकदा गाडी सलग अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवता आली तर ऑइलमधले पाणी आणि पेट्रोल बरेचसे निघून जाईल, आणि मग पुस्तकात सहा महिन्यांची अट नसेल तर वर्षाला एकदा ऑइल बदलणे पुरेसे ठरेल. हे शक्य नसेल, तर ५,००० किलोमीटरचीही वाट न पाहता आठ-नऊ महिन्यांनी बदलावे असे मी सांगेन.

शंका उरलीच तर पुढच्या वेळी ऑइल काढताना त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. नमुना इंजिन गरम असताना, वाहत्या धारेच्या मधल्या भागातून स्वच्छ बाटलीत घ्यावा. अहवालात १०० अंशांची स्निग्धता, टीबीएन, पेट्रोलचे प्रमाण आणि लोह, तांबे, सिलिकॉन, सोडियम यांचे पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) पाहावेत. लोह आणि तांबे झीज दाखवतात, सिलिकॉन वाढले तर एअर फिल्टरमधून धूळ जात असण्याची शक्यता असते आणि सोडियम वाढले तर कूलंट मिसळल्याचा संशय घ्यावा. टीबीएन ताज्या ऑइलच्या निम्म्याहून वर आणि पेट्रोल दोन टक्क्यांच्या आत असेल, तर वॉरंटी संपल्यावर ५,००० किलोमीटरची मुदत हजार-दीड हजार किलोमीटरने वाढवायला हरकत नाही, मात्र एक वर्षाची मर्यादा तशीच ठेवावी.