वारशाने आलेल्या विंचेस्टर ९४ रायफलमध्ये घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या चालवल्या तर नळी खराब होते का? आणि सुरुवातीला कोणता साचा घ्यावा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नाही. शिसं मऊ, नळी पोलादाची. झीज जास्त करते ती तांब्याचं कवच असलेली फॅक्टरीची गोळी, आणि तिलाही त्यासाठी हजारो राऊंड लागतात. एवढ्यावर थांबलो असतो. पण "बंदुकीच्या दुकानातला माणूस म्हणाला, शिशाने नळीची वाट लागते" हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी आमच्या घरात, थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर, वर्षानुवर्षं ऐकत आलोय.

मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात काकांची छोटी फाउंड्री होती, बिडाचं ओतकाम बघत वाढलो. सासुरवाडी पश्चिम पेनसिल्व्हेनियातली. सासरे पोलादाच्या कारखान्यात टर्नर होते. त्या भागात हरणाची शिकार हा सणच. पूर्वी थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सीझन उघडायचा आणि कित्येक शाळा त्या दिवशी बंद असायच्या. २०१९ पासून तो शनिवारी उघडतो, आणि ह्या विषयावर सासऱ्यांना बोलतं केलं की संध्याकाळ गेली म्हणून समजायचं.

लग्नानंतर पहिल्यांदा तिकडे गेलो तेव्हा गॅरेजात मेहुणा गोळ्या ओतत होता. भांड्यात शिसं वितळलेलं, वर करडा थर आलेला, आणि हा पठ्ठ्या तो थर चमच्याने काढून डब्यात फेकत होता. परत थर आला की परत फेकायचा. मी म्हटलं, अरे, त्यात कथील चाललंय. कथील हवेशी आधी धरतं आणि वर येतं. साच्याचे कोपरे भरायला तेच लागतं, आणि तू तेच कचऱ्यात घालतोयस. मूठभर कोरडा लाकडाचा भुसा टाकला, तो जळू दिला आणि तळापर्यंत ढवळलं. वरचा थर बराचसा परत मिसळला, खरी घाण तेवढी काळ्या भुकटीसारखी उरली. मेहुण्याला ते आवडलं नाही. सासरे कोपऱ्यात स्टुलावर बसून बघत होते, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीच्या आधीच मला हाक मारून गॅरेजात नेलं आणि पळी हातात दिली.

पुढे कित्येक हिवाळे आम्ही दोघांनी मिळून ओतकाम केलं. टायरच्या दुकानातून चाकाला लावायची जुनी वजनं बादलीने मिळायची. त्यात हल्ली जस्ताची वजनं मिसळलेली असतात, ती निवडून काढावी लागतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ च्या पुढे, त्यामुळे आच आवरती ठेवली तर चुकून राहिलेलं जस्त वर तरंगतं आणि उचलून टाकता येतं. आच वाढवून ते एकदा विरघळवलंत की तो घाणा गेला, गोळ्या नीट भरतच नाहीत. गोळीवर सुरकुत्या आल्या तर साचा थंड आहे. पांढरट धुक्यासारखा पृष्ठभाग आला तर साचा जास्त तापलाय, पण ती गोळी बिनधास्त वापरा. मेहुणा नेमक्या ह्याच गोळ्या दिसायला बऱ्या नाहीत म्हणून परत वितळवायचा.

सासरे गेले. मृत्युपत्रात मेहुण्याला ट्रक, बोट आणि बाकीच्या सगळ्या बंदुका होत्या. १९६० च्या दशकातली, ३०-३० काडतुसाची मार्लिन ३३६ रायफल मात्र जावयाला, म्हणजे मला. तेव्हापासून वाद सुरू आहे. आधी म्हणाला, वडिलांची आठवण आहे, भिंतीवर टांग. मी म्हटलं, त्यांनी ती एक दिवस भिंतीवर टांगली नाही, मी कशाला टांगू? मग म्हणाला, तिच्या नळीत मायक्रो-ग्रूव्ह आहे, गोळीला फिरकी देणाऱ्या बारा उथळ खाचा; असल्या नळीला शिसं चालत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

'सगळ्यांना माहीत आहे' हा ह्या छंदाला लागलेला रोग आहे. त्याने स्वतः काय केलं होतं, ऐका. छपाईच्या लायनोटाइपचा मिश्रधातू आणला, शिसं ८४ टक्के, अँटिमनी १२, कथील ४. म्हणजे साध्या शिशाच्या चौपटीहून कठीण. गोळी साइझ केली, म्हणजे डायमधून दाबून नेमक्या मापाची केली, ती ०.३०९ इंचाला, कारण पुस्तकात ३०-३० ची गोळी ०.३०८ लिहिलेली असते. नळी मापली नाही. तिच्यातून गोळ्या मारल्या, पन्नास यार्डांवर कागदाला छर्रे लागल्यासारखी भोकं पडली, नळीत शिशाचे पापुद्रे बसले, आणि निकाल लागला की मार्लिन वाईट.

मी मऊ शिशाचं, मासेमारीचं वजन तेल लावून नळीतून पार ठोकलं आणि मायक्रोमीटर लावला. खाचांच्या तळाचं माप ०.३०९ च्याही थोडं वर निघालं. म्हणजे त्याची गोळी नळीत सैल होती. सैल गोळीच्या कडेने गरम वायू पुढे निसटतो, वाटेत शिसं वितळवतो आणि ते नळीला चिकटवतो. कठीण धातू दाबाने फुगून ती फट भरत नाही, म्हणून तिथे कठीणपणाने नुकसानच झालं. सासऱ्यांची साइझिंग डाय ०.३११ ची होती. त्यांनी आपली नळी कधीच मापून ठेवली होती. तीच डाय, चाकाच्या वजनांचं शिसं, थोडं कथील, बुडाला तांब्याचा गॅस चेक, म्हणजे गरम वायूपासून गोळीचं बूड वाचवणारी छोटी टोपी. त्याच नळीने त्याच पन्नास यार्डांवर दीड इंचात गोळ्या घातल्या, तेही उघड्या साइटवर, माझ्यासारख्या चष्मेवाल्याच्या हातून. मेहुणा शेजारच्याच बेंचवर होता. म्हणाला, आज वारा नव्हता.

तर आता तुमची विंचेस्टर. आधी नळीवरचा शिक्का वाचा. ९४ बाजारात आली ती ३२-४० आणि ३८-५५ ह्या काडतुसांमध्ये, ३०-३० एक वर्षाने, १८९५ मध्ये. नंतर ३२ स्पेशल आली, तिची गोळी ०.३२१ इंचाची. जुनी ९४ म्हणजे ३०-३०च असं धरून साचा मागवू नका. शिक्का वाचल्यावर नळी मापा आणि गोळी त्यापेक्षा एक ते दोन हजारांश इंच जाड ठेवा. भरलेलं काडतूस चेंबरमध्ये जोर न लावता बसतंय ना, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. ३०-३० निघाली तर लायमनचा ३११०४१ साचा डोळे मिटून घ्या: चपटं नाक, गॅस चेक, आणि क्रिंपसाठी, म्हणजे पितळी केसचं तोंड गोळीवर आवळायला, खाच.

चपटं नाक शोभेसाठी नसतं. नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक आडवी असतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडातल्या प्रायमरला, म्हणजे ठोका बसला की पेटणाऱ्या टोपीला, टेकलेलं. तिथे टोकदार कठीण गोळी घातली तर धक्क्याने काय होईल ते सांगायला नको. क्रिंपही हवाच, नाहीतर स्प्रिंगच्या दाबाने गोळी केसमध्ये आत सरकते आणि दाब वाढतो. आणि गोळी बसवण्याआधी केसचं तोंड किंचित फाकवा, नाहीतर तिथेच शिसं सोलून निघतं आणि लोक नळीला दोष देतात.

सुरुवात करण्याआधी नळीतलं जुनं तांबं पूर्ण काढा. तांब्यावर शिसं चटकन बसतं. चुकून शिसं बसलंच तर भांडी घासायची तांब्याची जाळी ब्रशला गुंडाळून फिरवा, निघून जातं. जाळी खरंच तांब्याची आहे का ते लोहचुंबक लावून बघा, मुलामा दिलेलं लोखंडही विकतात. ९४ तोंडाकडून साफ करावी लागते, म्हणून रॉडला गाइड लावा, म्हणजे तो नळीच्या तोंडाला घासणार नाही. जुन्या रायफलींची तोंडं मी अशाच रॉडने खाल्लेली पाहिली आहेत, आणि आळ येतो शिशावर. मार्लिनचा लिव्हर एका स्क्रूवर सुटतो, बोल्ट काढून मागून साफ करता येते. हे मी मेहुण्याला मुद्दाम ऐकवतो, कारण त्याच्या वाट्याला विंचेस्टर आली आहे.

पावडर किती, हे मी इथे लिहिणार नाही. छापील मॅन्युअल घ्या, त्यातला ओतीव गोळीचा तक्ता बघा, खालच्या आकड्यापासून सुरू करा. गॅस चेकवाली गोळी सेकंदाला १,६०० ते १,९०० फुटांवर खूश असते. फॅक्टरीचा वेग गाठायचा हट्ट कशाला?

आधी लिहायला हवं होतं ते आता लिहितो. ओतकाम उघड्यावर किंवा चांगला वारा असेल तिथे करा, आणि वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडू देऊ नका, वाफेने शिसं अंगावर उडतं. खाणंपिणं बंद, नंतर हात धुवायचे, ते कपडे पोराबाळांच्या कपड्यांत टाकायचे नाहीत. कॅलिफोर्नियात असाल तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. एच-१बी वर असाल तर मात्र सगळं बाजूला ठेवून आधी वकिलाला विचारा. अशा व्हिसावर बंदूक बाळगायला संघीय कायद्याची मनाई आहे, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून, आणि वारसा आहे म्हणून ती मनाई उठत नाही. भारतातून कुणी हे वाचत असेल तर परवान्याशिवाय ह्यातलं काहीही करू नका. सुट्टीला घरी जाताना रेंजवर नेलेली बॅग विमानात आणू नका. तळाशी राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवायला पुरतं.

नळीवरचा शिक्का आणि स्लगचं, म्हणजे नळीतून ठोकलेल्या मऊ शिशाच्या तुकड्याचं, माप खाली लिहा. ३०-३० नसेल तर साच्याचं उत्तर बदलेल.