‘म्हणून’ शिकवायला रोबोटच हवा का?

खानापूर, निपाणी, चिकोडी भागांतून स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना घेऊन माझ्याकडे येणारे पालक अलीकडे एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात : परदेशात अशा मुलांना समजावून सांगणारे रोबोट आहेत म्हणे, तसा एखादा आणला तर आमचे मूल सुधारेल, की माणसांपासून आणखीच तुटेल? बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशीन चालवणाऱ्या एका वडिलांनी तर मोबाइलवरची चित्रफीतच माझ्यापुढे धरली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

चित्रफितीत कास्पार होता. ब्रिटनमधील हर्टफर्डशायर विद्यापीठात २००५ पासून घडवला गेलेला हा रोबोट लहान मुलाएवढा आहे आणि त्याचा चेहरा मुद्दाम साधा ठेवलेला आहे, कारण माणसाच्या चेहऱ्यावर क्षणाक्षणाला बदलणारे भाव यांतल्या अनेक मुलांना गोंधळात टाकतात. तेथील संशोधकांनी त्याला खेळताना कारणही बोलून दाखवायला लावले. मुलाने खेळणे भलतीकडे धरले, तर ते माझ्या डोळ्यांसमोर नाही म्हणून मला दिसत नाही, अशा धर्तीचे तो सांगतो.

“किंमत किती असेल, मॅडम? कर्ज काढतो.”

किमतीकडे मी वळलेच नाही. “मुलाला शेवटचं कारण कधी सांगितलंत?” एवढेच विचारले.

“सांगतो की ओ,” आई म्हणाली, “असं करू नये म्हणून रोज सांगतो.”

“तो हुकूम झाला. कारण कुठं आलं त्यात?”

त्यांचा सात वर्षांचा मुलगा दिवसभर बसगाड्यांची चित्रे काढतो. चित्र दाखवताना तो कागद स्वतःच्या छातीकडे वळवून धरतो, समोरच्याला कोरी पाठ दिसते आणि आज्जी न बघताच “छान हं बाळा” म्हणते. आपल्याला दिसते ते समोरच्याला दिसत नाही, हे त्या मायेच्या कौतुकामुळेच त्याला कधी कळले नव्हते. बक्षिसाच्या गोळीने वागणूक बसवण्यापेक्षा तिच्यामागचा अर्थ मुलापर्यंत पोहोचवावा, या मताची मी पहिल्यापासून आहे, म्हणून महिनाभर कौतुक बंद ठेवून एकच वाक्य त्याच शब्दांत, रागावल्याशिवाय म्हणायला मी आज्जींना सांगितले : “कागदाची पाठ माझ्याकडे आहे, म्हणून मला बस दिसत नाही.” आज्जींना ते जड गेले. लेकराला नाही कसं म्हणायचं, हा त्यांचा सवाल खराच होता.

तिसऱ्या भेटीत वडील आपणहून बोलले. “आमचं मशीन थांबलं की पडद्यावर लिहून येतं, कशानं थांबलं ते. म्हणून मी त्याच्यावर चिडत नाही. पोराला मात्र आम्ही नुसतं थांबवतो.” इतक्या वर्षांच्या कामात कारण सांगण्याची इतकी नेमकी व्याख्या मलाही सुचली नव्हती, हे कबूल करते.

सहाव्या आठवड्यात मुलाने माझ्या खोलीत बस काढली आणि कागद आज्जींकडे नीट वळवून धरला. त्या डोळे बारीक करून म्हणाल्या, “चष्मा पिशवीत आहे, म्हणून दिसत नाही.” हे वाक्य त्याने पूर्वी ऐकलेले नव्हते. तो थोडा वेळ पिशवीकडे पाहत राहिला, मग हात घालून चष्म्याचे घर काढले, आज्जींच्या मांडीवर ठेवले आणि कागद पुन्हा उचलून धरला. खोलीत कोणी काही बोलले नाही. चष्मा आणायला त्याला कोणी शिकवलेले नव्हते.

रोबोटला मी नावे ठेवत नाही. तो कंटाळत नाही, त्याचा स्वर चढत नाही, आणि एखाद्या केंद्रात तो असेल तर शेजारी जाणते माणूस बसवून जरूर वापरावा. पण घरी मराठी आणि गल्लीत कन्नड ऐकणाऱ्या या मुलाला ‘म्हणून’ हा शब्द परक्या भाषेतून का शिकवायचा? कारण खरे असावे, एका वेळी एकच असावे आणि ते घरच्या बोलीत सांगावे. “तू असं का केलंस?” हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा, कारण त्याचे उत्तर देणे मुलाला सर्वांत अवघड जाते. प्रत्येक मुलाला सहा आठवडेच लागतील असेही नाही.

दुसऱ्या पाळीवरून आल्यावर बोलायचे त्राण उरत नाही, अशी वडिलांची अडचण होती. त्या दिवशी “मी दमलो आहे, म्हणून आता बोलत नाही” एवढे सांगून गप्प बसा, असे मी सुचवले.