शंभरातले तीस तुमचे, तीस घराचे, चाळीस उसने

प्रश्न : मी ४१ वर्षांची आहे. आठ वर्षांपासून पक्षी आणि प्राण्यांचे फोटो काढते. सध्या माझ्याकडे निकॉनची १८०-६०० मिमी झूम लेन्स आहे. आता झेड ४०० मिमी एफ/२.८ टीसी घ्यायची इच्छा आहे. तिची किंमत आम्हा नवरा-बायकोच्या मिळून आठ महिन्यांच्या पगाराइतकी होते. त्यातले ३० टक्के मी वेगळे साठवलेत. ३० टक्के आपत्कालीन निधीतून काढायचे आणि ४० टक्क्यांसाठी तीन वर्षांचं कर्ज घ्यायचं, असा विचार आहे. वर्षाला साधारण १४ दिवस मी जंगलात असते. लेन्स आली की फोटो विकून आणि कार्यशाळा घेऊन कर्ज फेडता येईल असं वाटतं. मुलगी सहा वर्षांनी कॉलेजला जाईल. नवरा ‘घे’ म्हणतो, मलाच धीर होत नाही. काय करू?

उत्तर : नमस्कार. या पद्धतीने घेऊ नका. लेन्सबद्दल माझी तक्रार नाही, पैसे उभे करण्याच्या पद्धतीबद्दल आहे. तुमच्या पत्रात हे दोन्ही एकमेकांत मिसळलेत, म्हणून आधी ते वेगळे करतो.

ही लेन्स तुम्हाला नेमकं काय देणार? निकॉनने ती जानेवारी २०२२ मध्ये आणली. आतच १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर आहे, म्हणजे लेन्सची लांबी वाढवणारी जास्तीची काच. नावातला ‘टीसी’ तो हाच. बोटाने खटका फिरवला की ४०० मिमीची ५६० मिमी होते आणि एफ/२.८ चं एफ/४ होतं. म्हणजे लांबी ४० टक्क्यांनी वाढते आणि प्रकाश निम्मा होतो (एफचा आकडा वाढला की आत येणारा प्रकाश घटतो). हे गणित बाहेरून लावायच्या टेलिकन्व्हर्टरलाही चुकलेलं नाही. फरक वेळेचा आहे. बाहेरचा लावायचा तर लेन्स कॅमेऱ्यापासून सोडवा, मध्ये काचेचा तुकडा बसवा, धूळ आत जाऊ नये म्हणून जीव मुठीत धरा, आणि तोवर प्राणी निघून गेलेला असतो. मी एकदा हाइडमध्ये, म्हणजे प्राण्यांना दिसू नये म्हणून लपून बसायच्या आडोशात, अशी लेन्स वापरणाऱ्या मित्राशेजारी बसलो होतो. ५६० वर असताना हरणी चालत इतकी जवळ आली की चौकटीत नुसतं डोकं मावत होतं. त्याने डोळा न काढता खटका मागे फिरवला आणि हरणी पाडसासकट चौकटीत आली. ते पाहिल्यावर लोक या लेन्सवर एवढा जीव का टाकतात ते मला कळलं. तुमचा मोह मला खरंच समजतो.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. तुमच्या झूमचं ६०० मिमीला सर्वांत मोठं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, एफ/६.३ आहे. एफ/४ त्याच्या सुमारे अडीचपट प्रकाश आत घेतं, एफ/२.८ सुमारे पाचपट. म्हणजे संध्याकाळी जिथे तुम्हाला आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) ८००० लागतो, तिथे त्याच शटर स्पीडला ५६० मिमीवर ३२०० आणि ४०० मिमीवर १६०० पुरेल. हा फरक फोटोत स्पष्ट दिसतो. पण तो पहाटेच्या आणि संध्याकाळच्या त्या तासाभरात. सकाळी दहानंतरच्या स्वच्छ उन्हात तुमची झूमही पुरेशी असते, तिथे महागड्या लेन्सकडून मिळते ती मुख्यतः विरघळलेली पार्श्वभूमी. आणि दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा लहरायला लागली की कुठलीच लेन्स कामाला येत नाही. लांब लेन्स ती लहर फक्त मोठी करून दाखवते.

म्हणून पैशाकडे वळण्याआधी एक काम करा. गेल्या दोन वर्षांतले फसलेले पन्नास फोटो काढा, जे जमले असते तर आनंद झाला असता असेच. प्रत्येकाची आयएसओ, शटर स्पीड आणि फोकल लांबी फाइलमध्ये नोंदलेली असते. फोटो कशामुळे फसला ते प्रत्येकासमोर लिहा. अंधार, अंतर, फोकस चुकला, हवा लहरत होती, की तुम्ही चुकीच्या जागी बसला होतात? अंधाराने फसलेले फोटो ही लेन्स वाचवते. अंतराने फसलेल्यांना ती फारसा हात देणार नाही, कारण ६०० मिमी तुमच्याकडे आधीच आहे आणि ही ५६० ला थांबते. फोकसच्या चुका तर सुरुवातीला वाढूही शकतात. ५६० मिमी, एफ/४ आणि आठ मीटरवरचा पक्षी, एवढ्यात फुल फ्रेम कॅमेऱ्यावर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम पाच सेंटिमीटर असते. पन्नासांत अंधाराचे दहाच निघाले, तर तुमचा प्रश्न लेन्सचा नाही.

आता हिशेब. लेन्सची किंमत १०० भाग धरू. तुमच्या पत्रातल्या आणि सोबत पाठवलेल्या आकड्यांवरून दोघांचा मिळून महिन्याचा पगार १२.५ भाग, घरखर्च १० आणि बचत २.५. या बचतीतला १ भाग कॅमेऱ्याच्या डब्यात जातो, १.५ भाग मुलीच्या शिक्षणासाठी आणि निवृत्तीसाठी. आपत्कालीन निधी ६० भाग, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च. घर नीट चालवलंय तुम्ही, हे मनापासून सांगतो.

त्या निधीतून ३० काढलेत की तीन महिन्यांचा खर्च उरतो. ४० भागांच्या कर्जावर वार्षिक १२ टक्के व्याज धरलं तर महिन्याचा हप्ता १.३३ भाग बसतो आणि तीन वर्षांत सुमारे ८ भाग व्याजात जातात. (तुमचा दर वेगळा असेल तर आकडे थोडे हलतील.) कॅमेऱ्याचा तुमचा वाटा १ भागाचा, म्हणजे हप्ताच त्याच्या बाहेर गेला. बचतीत उरले १.१७. ते सगळे निधी भरून काढायला लावले तरी ३० भाग भरायला २६ महिने लागतात. या २६ महिन्यांत मुलीच्या शिक्षणासाठी एक पैसाही बाजूला पडणार नाही, आणि तिच्या हातात वर्षं सहाच आहेत. नवरा ‘घे’ म्हणतो ते प्रेमाने म्हणतो. त्याला हे २६ महिने दाखवा आणि मग पुन्हा विचारा.

आपत्कालीन निधीबद्दल मी हट्टी आहे. नोकरी जाणं किंवा घरात मोठं आजारपण येणं याला मुहूर्त नसतो. तशी वेळ आली तर लेन्स घाईने विकावी लागते, आणि घाईत विकणाऱ्याला भाव मिळत नाही.

‘लेन्सची किंमत टिकते’ असं तुम्ही पुढे लिहिलंय. तुमच्या झूमसारख्या स्वस्त लेन्सच्या तुलनेत टिकते, हे खरं. पण दोन उदाहरणं पाहा. कॅननने २०१३ मध्ये २००-४०० मिमी एफ/४ ही आत १.४ पटीचा एक्स्टेंडर (टेलिकन्व्हर्टरचं कॅननचं नाव) असलेली लेन्स आणली. निकॉनची तशीच १८०-४०० मिमी एफ/४ जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झाली. त्याच २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट, म्हणजे लेन्स बसवायच्या नव्या बैठका, जाहीर केले. या लेन्स ॲडॉप्टर लावून नव्या कॅमेऱ्यांवर आजही काम करतात, फोटोही सुरेख देतात. पण नवा ग्राहक आधी नव्या माउंटची लेन्स मागतो, आणि विकणाऱ्याला तेवढं खाली यावं लागतं. निकॉनची लेन्स घेऊन सहा महिनेही झाले नाहीत तोच हे घडलं, असे लोक होते. वस्तू उत्तम होती, घेणाऱ्याची चूक नव्हती.

मग पाच वर्षांनी विकताना ६० भाग मिळतील असं धरू. हा माझा अंदाज आहे, हमी नाही. वर्षाला ८ भाग घट. विमा दीड भाग धरा. कर्जाचं व्याज पाच वर्षांवर पसरलं तर दीड. तुमचे ६० भाग इथे न अडकता ७ टक्क्यांनी वाढले असते, ते साधारण ४. एकूण वर्षाला १५ भाग, आणि तुमचे दिवस १४. म्हणजे ही लेन्स मालकीची असताना जंगलातला प्रत्येक दिवस तुम्हाला एका भागाहून थोडा जास्त पडतो. तुमच्याकडे ती दिवसाला एक भाग किंवा त्याहून कमी भाड्याने मिळत असेल, तर निव्वळ हिशेबात भाडं जिंकतं. वर्षाला चाळीस दिवस जाणाऱ्याचं उत्तर वेगळं येईल, तिथे मी विकत घ्या म्हणेन.

कमाईचं तुम्ही लिहिलंत त्यावर थोडं स्पष्ट बोलतो. वर्षाला १५ भाग म्हणजे तुमच्या दोघांच्या एका महिन्याच्या पगाराहून जास्त रक्कम, तीही खर्च वजा जाता, दरवर्षी. आठ वर्षांत फोटोतून किती आले, हे पत्रात नाही. कार्यशाळेला येणारी माणसं शिकवणाऱ्याची नजर आणि जंगलातली समज पाहून येतात. पहिली कार्यशाळा आहे त्या झूमवर घ्या. त्यातून वर्षभरात ५ भाग जरी आले, तरी पुढचं बोलणं आपण वेगळ्या पायावर करू.

मधला मार्ग आहे का, तर आहे. निकॉनचीच झेड ४०० मिमी एफ/४.५ साधारण पाव किमतीत येते, म्हणजे तुमच्या डब्यातल्या ३० भागांत बसते. वजन तिपाईला जोडायच्या कॉलरसह १२४५ ग्रॅम, तुम्हाला हवी असलेली २९५० ग्रॅमची आहे. ४०० मिमीवर ती तुमच्या झूमपेक्षा दुपटीच्या जवळपास प्रकाश घेते. टेलिकन्व्हर्टर मात्र बाहेरून लावावा लागतो, आणि लावला की ५६० मिमी एफ/६.३ हातात येतं, म्हणजे पुन्हा झूमच्याच जागी. झेड ६०० मिमी एफ/६.३ पीएफ साधारण एक-तृतीयांश किमतीत येते, हलकी आणि तीक्ष्ण आहे, पण तुमच्या झूमपेक्षा जास्त प्रकाश ती देत नाही. तुमची पन्नास फोटोंची यादी अंधाराकडे बोट दाखवत असेल तर ती घेऊ नका, अंतर आणि तीक्ष्णतेकडे दाखवत असेल तर विचार करा.

माझा कल असा. डब्यातले ३० तसेच ठेवा आणि महिन्याचा १ भाग टाकत राहा. या वर्षी दोन सहलींना मिळून सहा दिवस हीच लेन्स भाड्याने घ्या, पहाट आणि संध्याकाळ जास्त मिळेल अशा ठिकाणी. रोज रात्री दोनच गोष्टी लिहा : खटका किती वेळा फिरवला, आणि एफ/२.८ किंवा एफ/४ नसतं तर कोणता फोटो गेला असता. भाड्यात ६ भाग गेले तरी तीन वर्षांनी डब्यात ६० असतील, कर्जाशिवाय, निधीला हात न लावता. तोवर ही लेन्स वापरलेली बाजारात मुबलक असेल आणि पहिली घट कुणीतरी दुसऱ्याने सोसलेली असेल. वापरलेली घेताना खटका दोन्ही बाजूंना पन्नासेक वेळा फिरवून पाहा आणि प्रत्येक बाजूला फोकस तपासा. आतल्या यंत्रणेची दुरुस्ती स्वस्त नसते.

भाड्याची चौकशी कराल तेव्हा तिपाई आणि गिंबल हेडही (जड लेन्स तोलून सहज फिरवू देणारी तिपाईवरची जोडणी) सोबत मागा. तीन किलोंची लेन्स हाइडमध्ये तासभर हाताने धरून बसवत नाही, आणि ते सामान आपण या १०० भागांत कुठेच धरलेलं नाही.