डुकराचं नंतर बघू, बंदूक कोणाच्या नावावर आहे?

प्रश्न (राजापूर तालुक्यातून): कापणीला आलेलं भात आणि बांधालगतची रताळी रानडुकरं रोज उकरून टाकत होती. शिकारीच्या परवानगीसाठी वनखात्यात अर्ज दिला, तीन आठवडे उत्तर नाही. शेवटी कोजागिरीच्या आदल्या रात्री आम्ही चौघांनी शेतातल्या माळ्यावर बसून एक डुक्कर मारलं. बॅटरी वापरली नाही, नुसतं चांदणं होतं. रिवाजाप्रमाणे वाटे झाले. चौथ्या दिवशी वनखात्याची माणसं आली, पंचनामा केला, बंदूक आणि पातेल्यातलं मटण घेऊन गेली. सोमवारी जबाबाला बोलावलंय. शेत आमचं, अर्ज दिलेला, मग गुन्हा कसा? बंदूक ठासणीची, पीक संरक्षणाचा परवाना आहे. परवाना वडिलांच्या नावावर, ते दोन वर्षांपूर्वी वारले.

उत्तर: भात पिकलं की असली पत्रं येऊ लागतात. तालुका बदलतो, मजकूर तोच: अर्ज दिला, उत्तर आलं नाही, चांदणं होतं, बार टाकला. डुकरांनी केलेल्या नासधुशीबद्दल मी काही लिहीत नाही, त्यावर कोणाचाच वाद नाही. तुमच्या पत्रातलं खरं वाक्य शेवटचं आहे आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय.

शस्त्रपरवाना माणसाला मिळतो. घराला, शेताला किंवा बंदुकीला तो मिळत नाही. वडील गेले त्या दिवशी त्यांचा परवानाही गेला, पुस्तिकेवर मुदत पुढची छापलेली असली तरी. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे मुदत संपल्यामुळे किंवा अन्य कोणत्याही कारणानं ज्या शस्त्राचा ताबा बेकायदा झाला, ते विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. ‘विनाविलंब’ म्हणजे किती दिवस यावर वकील वाद घालू शकतो. दोन वर्षांवर नाही घालू शकत, आणि त्या दोन वर्षांनंतर बार टाकलेला असेल तर मुळीच नाही.

वास्तविक यात अवघड काही नव्हतं. शस्त्र नियम, २०१६ मध्ये मृत परवानाधारकाच्या वारसाला परवाना देण्याची सोय आहे. बंदूक जमा करून पावती घ्यायची. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, बाकीच्या वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं, मूळ परवाना आणि पीक संरक्षणासाठी सातबारा जोडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. सत्तरी गाठलेल्या परवानाधारकाला तर हयातीतच वारसाच्या नावानं परवाना मागता येतो. कोकणातल्या किती घरांत आजोबांच्या नावाची बंदूक नातू वापरतोय, हे ज्यानं त्यानं आपापल्या घरच्या माळ्यावर बघावं.

आता हिशेब मांडा. रानडुकराच्या शिकारीला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ५१ खाली जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कमीत कमी शिक्षा ठरवलेली नाही, म्हणजे निव्वळ दंडावरही सुटका होऊ शकते. विनापरवाना बंदुकीला शस्त्र अधिनियमाच्या कलम २५(१-ब) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं, वर दंड. किमानपेक्षा कमी शिक्षा द्यायची तर न्यायालयाला पुरेशी आणि विशेष कारणं निकालपत्रात लिहावी लागतात. डुकराच्या गुन्ह्याची न्यायालयानं दखल घ्यायला तीन वर्षांची मुदत आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५१४). पाच वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याला असली मुदत नाही. वनखात्याशी तडजोड होऊ शकते, बंदुकीच्या गुन्ह्यात तसा मार्ग नाही. आणि तुम्ही मला चांदण्याबद्दल सांगताय.

म्हणून सोमवारचा जबाब नीट समजून घ्या. वनखात्याचा तपास डुकराचा आहे, पण तुम्ही ‘वडिलांच्या बंदुकीनं मीच मारलं’ असं लिहून दिलंत की तो कागद पोलिसांच्या फाइलीत जाणार. वनाधिकारी पोलीस नव्हेत, त्यामुळे त्यांच्यासमोर दिलेला कबुलीजबाब पोलिसांसमोरच्या कबुलीसारखा आपोआप बाद होत नाही. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकृत अधिकाऱ्यानं वन्यजीव अधिनियमाच्या कलम ५०(८) खाली आरोपीच्या समक्ष नोंदवलेला पुरावा तर खटल्यात चालतो. हजर राहणं टाळू नका, गैरहजेरीनं अटकेला निमित्त मिळतं. नाव, पत्ता, शेताचा गट क्रमांक, अर्जाची तारीख सांगा. बंदूक कोणी धरली, बार कोणी टाकला, वाटे कोणाकोणाला गेले, यावर ‘वकिलाच्या सल्ल्याशिवाय सांगणार नाही’ एवढंच पुरे. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २०(३) मधला आहे, तो मागताना लाजू नका. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही नको. मराठीत लिहिलेला जबाबही वाचून, चूक असेल तिथे खाडाखोड करायला लावून, मगच सही.

तिथेच कोणीतरी ‘तडजोड करून टाका, मिटून जाईल’ म्हणेल. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ५४ खाली तडजोड आहे, अधिकार वरिष्ठ वनाधिकाऱ्याचा, रक्कम पाच लाखांपर्यंत जाऊ शकते, आणि मिळेलच असं नाही. पण तडजोडीनं फक्त वन्यजीव कायद्याखालचं प्रकरण मिटतं. तिच्या घाईत दिलेला कबुलीजबाब मागे राहतो. आधी फौजदारी वकिलाकडून दोन्ही कायदे एकत्र तपासून घ्या, मग तडजोडीचं बघा. अटकपूर्व जामिनाचा अर्ज (संहितेचं कलम ४८२) सत्र न्यायालयात सोमवारच्या आधी तयार ठेवणं शहाणपणाचं. तो दाखल करावा का, हे पोलिसांत गुन्हा नोंदला गेलाय का यावर ठरेल.

बंदुकीच्या बाजूनं तुमच्या वकिलानं एक गोष्ट पहिल्या दिवसापासून धरून ठेवावी. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे कलम ३ च्या उल्लंघनाचा (विनापरवाना बंदूक बाळगल्याचा) खटला जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय भरता येत नाही. मंजुरी आहे का, तिची तारीख काय, ती देण्यापूर्वी बंदूक चालू स्थितीत असल्याचा तज्ज्ञांचा अहवाल समोर होता का, हे कागद मागवा. मंजुरी न घेता किंवा डोळे मिटून सही केलेल्या मंजुरीवर उभे केलेले खटले पडतात. मात्र ते पडायला किती वर्षं लागतात ते विचारू नका. तोवर तारखांना राजापूर-रत्नागिरी चालू राहील.

आता ‘अर्ज दिला होता’ याबद्दल. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ११(१)(ख) मध्ये मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी, प्राण्यानं उभ्या पिकासह मालमत्तेला धोका निर्माण केल्याची खात्री झाल्यावर, कारणं नमूद करून लेखी आदेशानं विशिष्ट क्षेत्रात शिकारीला परवानगी देऊ शकतो. आदेश बार टाकण्याच्या आधी हातात हवा. अर्जाची पोच म्हणजे आदेश नाही. उत्तर आलं नाही म्हणजे परवानगी मिळाली, असं गावात कोणी सांगितलं असेल, कुठल्या परिपत्रकाचा हवाला दिला असेल, तरी अधिनियमात ‘लेखी’ शब्द आहे आणि परिपत्रकानं अधिनियम बदलत नाही. हा बचाव वकील मांडेल, मांडावाही. त्यावर झोपू नका. अर्जाचा खरा उपयोग शिक्षा कमी मागताना आणि तडजोडीत होतो, तोही आवक क्रमांक असेल तर. पोच नसेल तर माहिती अधिकारात आवक नोंदवहीची प्रत आजच मागा.

स्वसंरक्षणाचं कलम ११(२) माणसाच्या जिवापुरतं आहे, पिकाला लागू नाही. माळ्यावर बसून मारलेल्या डुकरानं अंगावर धाव घेतली होती, असं सांगायला जाल तर उलटतपासणीत पहिला प्रश्न माळ्याच्या उंचीचा येईल. ‘रानडुक्कर उपद्रवी जाहीर झालंय’ हेही खरं नाही. केंद्रानं कलम ६२ खाली तशी घोषणा बिहारसाठी २०१५ मध्ये आणि उत्तराखंडसाठी २०१६ मध्ये ठरावीक क्षेत्र-मुदतीपुरती केली होती. महाराष्ट्रात रानडुक्कर संरक्षितच आहे, १ एप्रिल २०२३ पासून वन्यजीव अधिनियमाच्या अनुसूची २ मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत.

राहिलं चांदणं. मूळ वन्यजीव अधिनियमाच्या कलम १७ मध्ये कृत्रिम प्रकाशात आणि सूर्यास्त ते सूर्योदय शिकारीला मनाई होती, दोन्ही वेगवेगळ्या कलमांशांत. म्हणजे बॅटरी नसली तरी रात्र होतीच. १९९१ मध्ये ते कलम निघालं, कारण परवान्याची हौशी शिकारच बंद झाली. आता रात्रीचा प्रश्न आदेशातल्या अटींचा: क्षेत्र, कालावधी, वेळ, हत्यार. पुढे कधी आदेश मिळाला तर अटी ओळ न ओळ वाचा. जखमी डुक्कर रानात शिरलं तर तुमच्या गट क्रमांकाची हद्द संपते. राखीव वनात पाठलाग केला तर भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २६ लागतं, अभयारण्य असेल तर वन्यजीव कायद्याची शिक्षा किमान तीन वर्षांवर जाते. चांदण्यात भाताच्या लोंब्यांआड हलणारी पाठ डुकराचीच आहे हे चाळीस पावलांवरून कळत नाही. ती पिसोरी किंवा चौशिंगा निघाली तर अनुसूची १, पुन्हा किमान तीन वर्षं. ती खाली उतरलेल्या सोबत्याची निघाली तर मनुष्यवधाचा गुन्हा. छऱ्यांची ठासणीची बंदूक एकदा उडाली की दुसरा बार भरेपर्यंत जखमी जनावर कुठल्या कुठे जातं, ते वेगळंच.

चौघांचं काय? ‘शिकारी’च्या व्याख्येत मारण्याबरोबर हाकणं, आमिष लावणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं, त्यामुळे ज्यानं नुसता हाकारा दिला तोही आत आहे. वाटा घेणाऱ्यांना कलम ५७ भोवतं: मटण ताब्यात सापडलं तर ते बेकायदा असल्याचं गृहीत, उलट सिद्ध करायचं त्यांनी. परवानगीनं मारलेलं डुक्करसुद्धा वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे सरकारचंच असतं, म्हणून वाटे हा रिवाज कायद्यात कुठेच बसत नाही. मटणाचा नमुना प्रयोगशाळेत जाईल. रानडुक्कर आणि गावठी डुक्कर एकाच जातीचे, त्यामुळे अहवाल मोघम आला तर बचावाला जागा आहे. नमुना कोणी, कशात, कोणत्या पंचांसमोर सील केला ते पंचनाम्याच्या प्रतीवरून तपासा. फोनमधले फोटो पुसू नका, पुसलेलं परत काढता येतं आणि पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा पदरी पडतो. चौघांचे वकील वेगळे असतील तर बरं. हितसंबंध एक नाहीत, बार एकानंच टाकला होता.

उरलेल्या रताळ्यांसाठी वनखात्याच्या नुकसानभरपाईचा अर्ज नुकसान दिसलं त्याच दिवशी द्या, पायांचे ठसे आणि उकरलेली जमीन मोजपट्टी ठेवून टिपा, पंचनामा होईपर्यंत शेत आवरू नका. हे शिकारीच्या प्रकरणापासून स्वतंत्र आहे, त्यामुळे मागायला घाबरू नका. कुंपणाच्या तारेत वीज सोडायचा विचार मनात असेल तर तो आत्ताच काढून टाका. तिला माणूस किंवा बिबट्या चिकटला तर हे सगळं पत्र फुटकळ वाटेल.

घरात बंदुकीची दारू, केपा (बार पेटवायच्या टोप्या), छरे उरले असतील, आणि असणारच, तर नाल्यात टाकू नका, शेजाऱ्याकडे ठेवू नका. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ मध्ये दारूगोळाही येतो. वकिलाला बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात जमा करा, यादी दोन प्रतींत करा, आणि वजनासकट पावती घेतल्याशिवाय तिथून हलू नका.