एफडी मोडून सगळं बाजारात? काकू, जरा थांबा

नमस्कार काकू,

तुमचं पत्र वाचलं. नागपूरला प्रतापनगरात राहता, वय ६६. फॅमिली पेन्शन येते, पण महिन्याला आठेक हजार कमी पडतात. राष्ट्रीयीकृत बँकेतली १८ लाखांची एफडी या महिन्यात पिकतेय. आधी साडेसात टक्के होते, आता बँक पावणेसात देतेय. शिवाय ४ लाख पतसंस्थेत. जावई म्हणतात, लोक ठेवी काढून बाजारात टाकताहेत, बाजार वरच जाणार, तुम्हीही सगळं म्युच्युअल फंडात टाका.

लोक टाकताहेत हे खरं. पण तुमचा चेक कुठे जातो ते बघा. १८ लाख फंडाच्या बँक खात्यात गेले. फंडाने शेअर घेतले, म्हणजे कुणीतरी विकले. समजा, इतवारीतल्या धान्याच्या व्यापाऱ्याने. पैसे त्याच्या खात्यात आले. म्हणजे पैसा बँकांमधून गेलाच नाही, फक्त नाव बदललं. तुम्ही घेताना तो विकून मोकळा झाला, हे जावयांच्या हिशेबात नाही.

दुखणं होतं ते बँकेला. तुमची एफडी जागची हलत नव्हती. व्यापाऱ्याची रक्कम उद्या सकाळी आरटीजीएसने जाईल. तिच्या भरवशावर वीस वर्षांचं गृहकर्ज कसं द्यायचं? मग बँक ठेव प्रमाणपत्रं (मोठ्या गुंतवणूकदारांना विकायच्या थोड्या मुदतीच्या ठेवी) काढून महाग पैसा उचलते, सरकारी रोखे विकते, नाहीतर ४४४ दिवसांसारख्या आडनिड्या मुदतीला जादा व्याजाचा बोर्ड लावते. (त्या प्रमाणपत्रांचे मोठे गिऱ्हाईक पुन्हा लिक्विड फंडच, म्हणजे थोड्या मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारे म्युच्युअल फंड. तुमचाच पैसा, फिरून बँकेत!) तेव्हा ठेवींची बातमी वाचून एफडीच्या दराचा अंदाज बांधा, सेन्सेक्सचा नको. तरी तुमचा दर उतरला तो मुख्यतः रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने देते तो दर, ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला म्हणून.

आणि २०२० आठवा. जानेवारी ते मार्चमध्ये निफ्टी सुमारे ३८ टक्के पडला होता. १८ लाखांचे ११ झाले असते. पुढे भरून आलं, पण दर महिन्याचा किराणा तोवर थांबला नसता.

मी असं करीन. १२ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला २४,६०० येतील, म्हणजे महिन्याचे ८,२००. दर पाच वर्षं बांधलेला. व्याजावर कर लागतो, ते धरून चाला. खातं सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत किंवा तुमच्याच बँकेत निघेल. पहिल्या वर्षात मोडलं तर व्याज मिळत नाही, म्हणून ३ लाख वर्षभराच्या एफडीत राहू द्या, दवाखान्यासाठी. उरलेले ३ लाख जावयांच्या म्हणण्याप्रमाणे इक्विटी (शेअरच्या) फंडात, पण लिक्विड फंडातून दीड वर्षात थोडे थोडे. त्यांना हात लावायची गरज सात-आठ वर्षं पडू नये.

खरी काळजी मला त्या पतसंस्थेची वाटते. बँक बुडाली तर ठेव विम्यातून ५ लाखांपर्यंत मिळतात, सहकारी बँकेलाही ते लागू आहे. पतसंस्थेला नाही. मुदत संपली की ते ४ लाख बँकेत आणा, एक टक्का कमी मिळाला तरी.

आणि उद्याच शाखेत जाऊन एफडीची ऑटो रिन्यूअलची सूचना रद्द करून या, नाहीतर १८ लाख आपसूक पावणेसातला पुन्हा बसतील.