मोडी कागदांचं टीईआय एन्कोडिंग: वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न: घरच्या दप्तरातल्या काही पत्रांचं लिप्यंतर मी वर्डमध्ये टाइप केलं आहे. ते टीईआयमध्ये आणून वेगळं काय मिळणार?

वर्डमध्ये तुम्ही व्यक्तीचं नाव ठळक केलंत, गावाचं नाव ठळक केलंत आणि स्वतः भरलेला शब्दही ठळक केलात, तर संगणकाला तिन्ही सारखेच. टीईआय (टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह) ही मजकुरावर संगणकाला कळतील अशा खुणा करण्याची पद्धत. तिच्यात टोकदार कंसातला टॅग, म्हणजे खूण, प्रत्येक गोष्ट काय आहे ते सांगतो. एका पत्रात ‘भाऊसाहेब’, दुसऱ्यात ‘सदाशिव चिमणाजी’ असेल, तर दोन्हींना ‘पर्सनेम’ लावून एकाच ओळख-क्रमांकाशी जोडा. मग एका शोधात दोन्ही पत्रं हाती लागतात आणि मूळ शब्दालाही धक्का लागत नाही.

१९८७ साली सुरू झालेल्या या पद्धतीत आज पाचशेहून अधिक टॅग आहेत. त्यांना घाबरू नका, पत्रव्यवहाराला पंधरा-वीस पुरतात.

प्रश्न: कागद कसरीने खाल्लाय. गेलेली अक्षरं भरायची की जागा मोकळी सोडायची?

सगळ्यात जास्त काळजी इथे घ्या. तीन वेगळ्या अवस्था आहेत. अक्षर दिसतंय पण खात्री नाही, तिथे ‘अनक्लिअर’. अक्षर गेलंच आहे, तिथे ‘गॅप’, सोबत कारण आणि अंदाजे किती अक्षरं ते. गेलेलं अक्षर तुम्ही भरलंत, तर ‘सप्लाइड’.

समजा मायन्यात ‘श्रियाविरा’ इथे भोक आहे आणि पुढे ‘राजमान्य राजश्री’ स्पष्ट आहे. मायना ठरलेला असतो, तेव्हा ‘जित’ बिनधास्त भरा, पण ‘सप्लाइड’मध्ये. त्यापुढचं नाव गेलं असेल तर मात्र ते भरू नका. रकमेचे आकडेही भरू नका. मागाहून येणारा अभ्यासक तुमचा अंदाज कागदातला पुरावा समजून बसतो आणि ती चूक पुढे पुस्तकांतून फिरत राहते. हे मला फार लागतं, म्हणून इतकं बजावून सांगतेय.

संक्षेपांचंही तसंच. ‘मौ।’ पुसून ‘मौजे’ लिहू नका. ‘चॉइस’मध्ये मूळ संक्षेप आणि त्याची फोड, दोन्ही शेजारी ठेवा. मोडीत सहसा ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद नसतो. देवनागरीत तुम्ही कोणता नियम पाळलात, ते हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीच्या भागात, संपादकीय धोरणाच्या जागी एकदा लिहून टाका.

प्रश्न: पत्रावर फक्त ‘इहिदे सितैन मया व अलफ’ आहे. टॅगमध्ये कोणती तारीख घालू?

इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. झाला सुहूर सन, म्हणजे मराठी कागदांत अरबी अंकशब्दांनी लिहिलेलं वर्ष, ११६१. हा सन मृगापासून बदलतो, म्हणून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळवायचे. वर्ष आलं १७६०-६१, म्हणजे १४ जानेवारी १७६१ची पानिपतची लढाई याच सनात पडते. पण तुमच्या पत्रावर चंद्र (चांद्र महिन्यातली तारीख) नाही, महिना नाही, तेव्हा ‘डेट’ टॅगच्या ‘व्हेन’ या रकान्यात एकच तारीख ठोकू नका. ‘नॉटबिफोर’ आणि ‘नॉटआफ्टर’ वापरून मे १७६० ते जून १७६१ अशी हद्द द्या. मूळ शब्द ‘डेट’ टॅगच्या आत जसेच्या तसे राहू द्या.

नवशिक्या मंडळींना दोन गोष्टी हमखास अडवतात. टॅगमधली तारीख इंग्रजी अंकांतच लागते, देवनागरी अंक घातलेत की तपासणीत चूक दाखवते. आणि ती तारीख ग्रेगोरियन हवी. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या, म्हणजे ज्यूलियन गणनेतली आहे, तेव्हा ‘व्हेन’मध्ये १६ जून जाईल.

प्रश्न: मोडीत शब्द न तोडता लिहितात, नाव दोन ओळींत विभागतं. टॅग तोडायचा का?

नाही. नावाचा टॅग अखंड ठेवा आणि जिथे ओळ संपते तिथे आत ‘एलबी’ हा रिकामा टॅग टाका. त्याला ‘ब्रेक’ची किंमत ‘नो’ दिली की शब्द पुढे चालू आहे हे कळतं.

प्रश्न: मोडीतच टाइप करू का? आणि सॉफ्टवेअर कोणतं?

मोडी २०१४पासून युनिकोडमध्ये आहे, तेव्हा करता येईल. तरी सुरुवात देवनागरीत करा आणि प्रत्येक पानाला टॅगमधल्या ‘फॅक्स’ (facs) या रकान्याने त्याच्या छायाचित्राशी जोडा, म्हणजे शंका आली की कुणालाही मूळ अक्षर पाहता येईल. सॉफ्टवेअर म्हणून व्हीएस कोड फुकट मिळतं, त्यात एक्सएमएलचं (टीईआयचे टॅग ज्या भाषेत लिहितात तिचं) एक्स्टेन्शन, म्हणजे जोडणी, घाला. पहिल्या दिवशी एकच पत्र घ्या, तेही सर्वांत लहान.